धीमी, धीम्या आणि जलद

आज ठाणे स्टेशनच्या पुलावर कानावर पडलं, 'जलदने नको, धीमीने जाऊ.' लोकलची दोन विशेषणं आणि दोन्हींना थेट 'ने'! विशेषणाला असा विभक्तीप्रत्यय लागला की ते नामाचं काम करतं. किती सुंदर आहे बघा: सोबत लोकल असेल तर 'धीम्या लोकलने', लोकल गळली की 'धीमीने'. घरातही 'मोठ्या मुलीला', पण 'मोठीला'. 'धीमी लोकलने' म्हणून चुकतं, सामान्यरूप, म्हणजे 'धीमी'चं 'धीम्या', करायचं राहतं. 'जलद' मात्र अविकारी, कुठेही तसाच. 'गाडी जलद धावते' यात तोच क्रियाविशेषण. म्हणून शब्दाची जात (नाम, विशेषण की क्रियाविशेषण) यादीवरून ठरवू नका, शब्द वाक्यात कुणाबद्दल बोलतोय ते बघा. आणि 'कल्याणला जाणारी लोकल' यात तर 'जा' या धातूचंच विशेषण झालंय.