कॉर्नेलच्या मागे मागे: येल-ब्राउनचा वीकेंड आणि कॉलेज हॉकीची तिकिटं

आधीच सांगतो, हे बर्फावरच्या हॉकीबद्दल आहे, आणि तेही एनएचएल म्हणजे व्यावसायिक लीग नाही, कॉलेजची हॉकी. लेक कॉर्नेल युनिव्हर्सिटीत होती तेव्हा तिच्यामुळे नाद लागला, ती शिकून नोकरीला लागली, आम्ही दोघं मात्र अजून टीमच्या मागे फिरतोय. न्यू जर्सीतल्या एडिसन-इसेलिनच्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांची पोरं या पट्ट्यातल्या कॉलेजांत आहेत आणि दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच की तिकीट कुठून काढता, कसं जाता, म्हणून या वेळच्या येल-ब्राउन ट्रिपच्या निमित्तानं एकदाचं सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. पोरगं कॉर्नेलला आहे तर मॅच कॉर्नेलच्या गावी इथाकालाच बघायची, त्यांच्या लिना रिंकवर, असा हट्ट. हट्ट बरोबर आहे, वातावरण तिथलं खरंच वेगळंच आहे, पण लिना १९५७ची रिंक, जागा जेमतेम चार हजार दोनशेच्या आसपास, त्यात सीझन तिकीटवाले वर्षानुवर्षं धरून बसलेले, विद्यार्थ्यांचे सेक्शन वेगळे, उरलेल्यात तुम्ही-आम्ही. हार्वर्ड येणार असेल त्या दिवशी तर नावच काढू नका. (हार्वर्डची पोरं बर्फावर उतरली की स्टँडमधून मासे फेकतात, खरेखुरे मासे. रिंकवाल्यांनी कितीही तपासलं तरी कुणीतरी जॅकेटात लपवून आणतंच.) त्यापेक्षा टीम जिथं पाहुणी म्हणून जाते तिथं जा. तिकीट सोपं, स्वस्त, आणि आपलं वऱ्हाड एका कोपऱ्यात जमलेलं असतं, त्यामुळे ओरडायला कंपनी मिळते ती वेगळीच.

आता थोडं गणित. कॉर्नेल ज्या लीगमध्ये खेळते त्या ईसीएसीमध्ये १२ टीम आहेत, प्रत्येकीशी दोनदा, एकदा घरी एकदा बाहेर, म्हणजे लीगच्या २२ मॅचेस. आणि मजा अशी की या १२ टीमच्या भौगोलिक जोड्या लावलेल्या आहेत, येल-ब्राउन, हार्वर्ड-डार्टमथ, प्रिन्स्टन-क्विनिपियाक वगैरे. पाहुणी टीम शुक्रवारी एकीकडे खेळते आणि शनिवारी दुसरीकडे. म्हणजे तुमचा वीकेंड टीमनंच आखून ठेवलेला असतो, तुम्ही फक्त मागे जायचं. वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, ते आलं की पहिल्यांदा या जोड्या बघा आणि कुठली जोडी रेल्वेच्या लाइनवर आहे ते बघा. आमच्यासाठी येल-ब्राउन सर्वात सोयीची, कारण न्यू हेवन (येलचं गाव) आणि प्रॉव्हिडन्स (ब्राउनचं) दोन्ही अ‍ॅमट्रॅकच्या त्याच मार्गावर आहेत ज्यावर आपलं मेट्रोपार्क स्टेशन आहे, गाडी काढायचीच गरज नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत आय-९५ हायवेवर बर्फात अडकण्यापेक्षा ते कधीही बरं.

तिकीट काढायचं कुठून? यजमान कॉलेजच्या अ‍ॅथलेटिक्सच्या वेबसाइटवरून, बस. गुगलवर नाव टाकलं की सगळ्यात वर रीसेलवाल्यांच्या जाहिराती येतात आणि त्या अशा दिसतात की जणू कॉलेजचंच पान आहे, त्यामुळे पत्ता नीट वाचा. एकेका मॅचची तिकिटं साधारण सीझन तिकिटांची विक्री झाली की म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास खुली होतात. मी एक करतो, वेबसाइटवर नकाशा बघत बसण्यापेक्षा तिकीट ऑफिसला सरळ फोन लावतो आणि विचारतो की पाहुण्या टीमचा बाक कुठल्या सेक्शनसमोर आहे आणि पाहुण्या कॉलेजचे लोक सहसा कुठं बसतात. फोनवर बहुतेक तिथलीच विद्यार्थी पोरं असतात, छान सांगतात. शिवाय आपल्या कॉलेजच्या ऑफिसलाही विचारायचं, कारण मोठ्या मॅचना यजमान पाहुण्यांसाठी काही तिकिटं वेगळी काढून ठेवतात, आणि माजी विद्यार्थ्यांचे स्थानिक क्लब गठ्ठ्यानं तिकिटं घेतात, त्यात पालकांनाही घेतात, कुणी हाकलून देत नाही.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. जागा निवडताना आपल्या टीमच्या बाकामागचीच घ्यावी असं वाटतं, पण गोल बघायचे असतील तर तसं करू नका. कॉलेज हॉकीत पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडला टीम आपल्या बाकाजवळचा गोल राखते आणि लांबच्या गोलवर हल्ला करते, दुसऱ्यात बाजू बदलतात. म्हणजे दोन्ही बाक एकाच बाजूला असतील तर आपले गोल तीनपैकी दोन पिरियड यजमानांच्या टोकाला होणार. आमची ही बाकामागे बसते कारण तिला पोरांची कोचकडून होणारी खरडपट्टी ऐकायची असते, मी कोपऱ्यात आठ-दहा ओळी वर बसतो. काचेला चिकटून पहिल्या ओळीत बसायचा मोह सोडा, काचेतून पलीकडचं काही धड दिसत नाही आणि पक कुठंय ते कळेपर्यंत शिट्टी झालेली असते.

तर शुक्रवार. मेट्रोपार्कहून न्यू हेवन साधारण अडीच तास. अ‍ॅमट्रॅकचं तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त, शेवटच्या आठवड्यात दर बघून डोळे पांढरे होतात. उशीर झालाच तर स्वस्तातला रस्ता म्हणजे एनजे ट्रान्झिटच्या गाडीनं न्यू यॉर्कचं पेन स्टेशन, तिथून सबवेनं ग्रँड सेंट्रल, आणि मेट्रो-नॉर्थनं न्यू हेवन. वेळ जास्त जातो, पण भाडं ठरलेलं आणि रिझर्व्हेशनची भानगड नाही. मेट्रो-नॉर्थच्या काही गाड्या पुढं न्यू हेवनच्याच स्टेट स्ट्रीट स्टेशनपर्यंत जातात, ती मिळाली तर तिथंच उतरा, रिंकला तिथून चालत जाता येतं, युनियन स्टेशनवरून अंतर बरंच जास्त आहे.

येलची इंगल्स रिंक हॉकी कळत नसेल तरी बघण्यासारखी आहे. ईरो सारिनेन या आर्किटेक्टनं बांधली, १९५८ची, आणि सगळे तिला व्हेल म्हणतात. छताच्या मधोमध काँक्रीटची एक प्रचंड कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना केबल टाकून त्यावर लाकडी छत पेललंय, आत गेल्यावर वर बघितलं की उलट्या ठेवलेल्या होडीच्या पोटात उभं असल्यासारखं वाटतं. दार सहसा तासभर आधी उघडतं, तेव्हाच आत जा, मोकळ्या स्टँडमधून छत बघून घ्या, वॉर्मअप बघा. साडेतीन हजारांची रिंक आहे, कुठंही बसलात तरी लांब वाटत नाही.

आमच्या आजूबाजूला लालच लाल, कॉर्नेलचा रंगच तो. कॉर्नेलचा बँडपण येतो बाहेरच्या मॅचना, ड्रम-ट्रम्पेट घेऊन बस करून येतात पोरं. राष्ट्रगीत सुरू झालं, सगळे टोप्या काढून शांत उभे, आणि त्यातल्या रॉकेटच्या लाल प्रकाशाच्या ओळीला गायक पोचला की 'रेड' या शब्दावर आमचा सगळा कोपरा एका दमात 'रेऽऽड' म्हणून ओरडतो. पहिल्यांदा येणाऱ्याला दचकायलाच होतं. यजमान वैतागतात, पण त्यांनाही माहीत असतं. गोल झाला की गोलकीपरकडे बोट दाखवून 'सिव्ह, सिव्ह' म्हणजे चाळण आहेस तू चाळण, हे असतंच. लहान मुलं बरोबर असतील तर विद्यार्थ्यांच्या सेक्शनपासून जरा लांबच बसा, तिथली भाषा घरी रिपीट होते. मॅचेसचे स्कोअर सांगत बसत नाही, शनिवारचा तर आठवायचीही इच्छा नाही.

सातची मॅच साडेनऊच्या आत संपते, प्रत्येकी २० मिनिटांचे तीन पिरियड आणि मधे दोन ब्रेक. बरोबरीत गेली तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम, तीन विरुद्ध तीन. म्हणजे त्याच रात्री न्यू यॉर्ककडे परतायचं असेल तर शक्य आहे, फक्त गाडीची वेळ आधी बघून ठेवा. आम्ही राहिलो. जेवण मॅचच्या आधी उरका, वूस्टर स्ट्रीटवरच्या कोळशाच्या भट्टीतल्या पिझ्झ्याला लोक तासतास रांग लावतात, फ्रँक पेपे तर १९२५पासून चालू आहे. शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा तिथला फेमस, पण शाकाहारी असाल तर नुसता टोमॅटोचा पिझ्झा ('टोमॅटो पाय') घ्या, काही कमी नाही पडत. चारच्या सुमारास गेलात तर रांग कमी.

शनिवारी न्यू हेवन ते प्रॉव्हिडन्स, दीडपावणेदोन तास. जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, समुद्र दिसतो. ब्राउनची रिंक मीहान ऑडिटोरियम, गोल घुमटाची, साठच्या दशकातली, आणि येलच्या मानानं गर्दी कमी, इथं तिकिटाचं टेन्शन आजवर तरी आलेलं नाही. टेन्शन आहे ते चढाचं. कॉलेज हिल नावाला जागणारी टेकडी आहे, बर्फ पडलेला असेल तर स्टेशनपासून चालत जायचा पराक्रम करू नका, केनेडी प्लाझावरून बस धरा, ती टेकडीखालच्या बोगद्यातून थेट थेअर स्ट्रीटला काढते, तिथून दहा मिनिटं. थेअरवर खायला स्वस्त आणि भरपूर, कॉलेजचाच भाग आहे तो.

काही बारीकसारीक. तिकिटं आता फोनवरच असतात आणि बऱ्याच ठिकाणी स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणून घरूनच वॉलेटमध्ये टाकून ठेवा, दारात नेटवर्क शोधत बसू नका. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या फोनवर तिकीट ट्रान्सफर करायच्या फंदात पडू नका, अ‍ॅप, अकाउंट, ओटीपी, सगळा घोळ होतो, चारही तिकिटं एकाच फोनवर ठेवा आणि एकत्र आत जा. बॅगचा नियम आधी वाचा, काही ठिकाणी पारदर्शकच लागते, डब्यातली पोळीभाजी आत नेऊ देत नाहीत हे सांगायला नको. आणि आजी-आजोबांना जाड मोजे. वर कितीही हीटर असले तरी थंडी पायाकडून येते.

रीसेलचं म्हणाल तर एक चांगलं झालंय, मे २०२५पासून नियम आलाय की तिकिटाची सगळी फी धरून किंमत सुरुवातीलाच दाखवायची, शेवटच्या पानावर आकडा फुगायचा तो प्रकार कमी झाला. छोट्या रिंकना रीसेलवर मुळात फार तिकिटं नसतात, त्यामुळे भाव पडायची वाट बघण्यात अर्थ नाही. हार्वर्डला तर मुळीच वाट बघू नका, तिथली रिंक तीन हजारांच्या आसपास आणि कॉर्नेलवाले इतके येतात की ते गमतीनं तिला लिना ईस्ट म्हणतात, ती तिकिटं विक्री सुरू होईल त्याच दिवशी घ्यायची. मोठ्या स्टेडियमचं उलट. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी मॅडिसन स्क्वेअर गार्डनला कॉर्नेल खेळते, २००७पासून एक वर्षाआड बॉस्टन युनिव्हर्सिटीशी, तिथं जागा एवढ्या असतात की निवांत बघून घेता येतं. कधीच कॉलेज हॉकी बघितली नसेल तर सुरुवात इथूनच करा, आपली एनजे ट्रान्झिट गाडी अक्षरशः त्याच इमारतीखाली थांबते. फ्रोझन फोर म्हणजे देशाची फायनल राउंड, गुरुवारी दोन सेमीफायनल आणि शनिवारी फायनल, तिथं तर गुरुवारी रात्री हरलेल्या दोन टीमचे लोक शनिवारची तिकिटं विकायला काढतात, शुक्रवारी सकाळी बघायचं.

खिशाला परवडत नसेल तर महिलांच्या मॅचेस बघा. तिकीट बरंच कमी, कुठं कुठं फुकट, जागा हवी तिथं बसा, आणि खेळ कुठंही कमी नाही, कॉर्नेलच्या मुलींची टीम तर जोरदार आहे. बऱ्याचदा मुलं बाहेरगावी खेळत असतात त्याच वीकेंडला मुली लिनावर खेळतात, म्हणजे इथाकाला जाऊन ती रिंक बघायचीच असेल तर हा सगळ्यात सोपा मार्ग. मुलांच्याच मॅचला जायचं असेल तर हार्वर्ड सोडून दुसरी कुठलीतरी धरा, आणि लेकराला सांगून ठेवा, तिकडं सेमिस्टरच्या मधे कुणी ना कुणी दोन तिकिटं विकत असतंच. फक्त विद्यार्थ्याचं तिकीट तुम्ही वापरू नका, दारात ओळखपत्र मागतात.

मार्चमध्ये ईसीएसीच्या सेमी आणि फायनल लेक प्लॅसिडला असतात, १९८०च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेनं सोव्हिएत टीमला हरवलं त्याच रिंकवर. कॉर्नेलनं २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी ही स्पर्धा जिंकली. शुक्रवारच्या दोन सेमी, शनिवारी फायनल. इथं रेल्वे कामाची नाही, गाडीच काढावी लागते, पाचेक तास धरा. तिकीट मिळतं, हॉटेल मिळत नाही, गाव एवढंसं आहे. म्हणून आम्ही रद्द करता येणारी खोली डिसेंबरातच धरून ठेवतो, टीम पोचली तर जायचं, नाही पोचली तर रद्द. रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.