दिवे घाटात हातात आलेले टाळ

आषाढीच्या आधी आठ महिने मी घरी बसून होतो. कारखान्यानं आमच्या पाळीतली माणसं एका दिवसात कमी केली आणि तेवीस वर्षं लेथवर उभे असलेले पाय एकदम रिकामे झाले. घराचे हप्ते चालू, मुलगी बारावीला. भेटेल तो म्हणायचा, 'सकारात्मक राहा.' त्यांची माया कळायची, पण त्यासाठी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे कुणी सांगत नव्हतं. शेवटी बायकोनंच पिशवी भरली आणि तिच्या माहेरच्या दिंडीत माझं नाव घातलं.

आळंदीहून पुण्यापर्यंत मी नुसता चाललो. डोक्यात हिशेब चालूच होते. पुणे ते सासवड हा टप्पा मोठा, 30 किलोमीटरच्या आसपास, त्यात एकादशीचा उपास आणि दिवे घाटाची चढण. घाटाच्या पायथ्याशी मागून आवाज आला, "माऊली, टाळ घ्या की हातात!" डोक्यावर तुळस घेतलेली सत्तरीतली मावशी होती, लातूरकडची. मी म्हटलं, "मला वाजवता येत नाही, मावशी." ती म्हणाली, "कुणाला येतंय आईच्या पोटातून? घ्या."

विणेकऱ्यांनी जोड दिला. टाळाची दोरी बोटांना अशी काचते, की पहिल्या तासातच वळ उठतात. पण पखवाजाबरोबर टाळ पडायला हवा, पाऊलही त्याच ठेक्यात पडायला हवं, आणि तोंडानं 'ज्ञानोबा-तुकाराम' म्हणायचं. या तिन्हींचा मेळ घालताना हप्त्याचा आकडा मनात धरून बघा, टिकतच नाही. ठेका चुकला की तो परत यायचा, ठेका सापडला की जायचा. घाटमाथ्यावर पावसाची सर आली तेव्हा मी भिजत हसत होतो. आधी मन हलकं झालं आणि मग मी गायलो, असं नाही झालं. गळा आणि पाय आधी कामाला लागले, मन मागून आलं. हे मला आठ महिने घरात बसून कळलं नव्हतं.

मावशीचं तर काय सांगू! 2020 आणि 2021 ही दोन वर्षं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. त्यातल्या दुसऱ्या साली तिचे मालक गेले होते. तिनं अंगणातल्या वृंदावनाला रोज फेऱ्या घातल्या, मुक्काम धरून. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे. "रडू यायचं का?" मी विचारलं. "यायचं की. पण फेरीची मोजणी चुकू दिली न्हाई."

संध्याकाळी तळावर समाज आरती असते. हा सोहळा लावून दिला हैबतबाबा आरफळकरांनी, ते शिंदे सरकारांच्या पदरी होते, त्यामुळे शिस्त लष्करातली. चोपदार चांदीचा दंड वर करतात आणि लाखभर माणसं, हजारो टाळ, एका क्षणात गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकतात, आणि नंतरच आरती होते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा गळा दाटून आला. दुःख झाकून हसायला इथं कुणी सांगत नाही. आधी तुमचं म्हणणं सगळ्यांसमोर ऐकून घेतात. त्या रात्री आठ महिन्यांत पहिल्यांदा मी राहुटीतल्या माणसांना नोकरीचं सांगितलं. एकानं पायाला तेल लावता लावता ऐकलं. दुसरा म्हणाला, "माझंबी तसंच झालं होतं," आणि आम्ही बराच वेळ बोलत राहिलो.

जेजुरीचा भंडारा अंगावर घेऊन, वाल्ह्याचा मुक्काम करून आम्ही नीरेला पोचलो. नीरास्नानाच्या गर्दीत माझ्याकडून मावशीचा तांब्या हरवला. पितळी, काठाला चेमटलेला, मालकांच्या वेळचा. तिला कसं सांगावं हे सुचेना. लोणंदच्या तळावर आरतीआधी सापडलेल्या वस्तू पुकारायला लागले. एक चष्मा, एक पिशवी, मग, "पितळी तांब्या, काठाला पोचा."

मावशीनं मला कोपरानं ढोसलं. "उठा माऊली, आणा जाऊन."

मी टाळ तिच्या हातात दिले आणि गर्दीतून वाट काढत निघालो.