नाटक दुसऱ्याचं, प्रयोग आपला : लेखकाची परवानगी कशी घ्यावी

हौशी नाट्यसंस्थेची जमाखर्चाची वही उघडली तर तिच्यात टेम्पोचं भाडं असतं, लाइटवाल्याचे पैसे असतात, मेकअपचे, तालमीच्या हॉलचे, अगदी चहा-वडापावचेही असतात. लेखकाच्या नावापुढे मात्र अनेकदा काहीच नसतं. ज्याच्या शब्दांवर सगळा खटाटोप चाललाय तो माणूस तालमीला येत नाही, समोर दिसत नाही, म्हणून राहून जातो. मग स्पर्धेचा अर्ज भरायच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी लक्षात येतं की सोबत लेखकाचं परवानगीपत्र जोडायचंय, आणि फोनाफोनी सुरू होते.

परवानगी मागायची वेळ म्हणजे संहिता पक्की झाली तो दिवस. पहिल्या वाचनाच्या आधी, पात्रनिवड जाहीर करण्याच्याही आधी. दीड-दोन महिने हातात ठेवावेत, कारण लेखक प्रवासात असू शकतो, आजारी असू शकतो किंवा तेच नाटक दुसऱ्या संस्थेला दिलेलं असू शकतं. नेपथ्य उभं राहिल्यावर "सर, तालमी सुरू झाल्यात, आता नाही म्हणू नका" असं म्हणणं ही विनंती नसते. ती अडवणूक असते. नकार आला तर दुसरं नाटक घेता येईल इतका अवधी हाताशी ठेवूनच विचारावं.

विचारायचं कोणाला, इथे पहिली चूक होते. नाटकाच्या पुस्तकात शीर्षकपानामागे बहुधा प्रयोगाच्या हक्कांबद्दल दोन ओळी आणि पत्ता असतो. त्या वाचायच्या. प्रकाशकाकडे साधारणपणे पुस्तक छापायचे हक्क असतात, प्रयोगाचे नसतात. त्यामुळे प्रकाशकानं फोनवर "करा हो" म्हटलं तरी त्याला अर्थ नाही. त्याच्याकडून लेखकाचा संपर्क तेवढा घ्यावा. लेखक हयात नसेल तर हक्क वारसांकडे किंवा मृत्युपत्रात लिहिलं असेल त्याच्याकडे जातात. वारस तीन असतील तर एकाच्या होकारावर निघू नये, तिघांच्या वतीनं सही करण्याचा अधिकार त्याला आहे का हे विचारून घ्यावं. दोघांनी मिळून लिहिलेल्या नाटकाला दोघांचीही परवानगी लागते.

कधी कधी लेखकालाही होकार देता येत नाही, कारण व्यावसायिक निर्मात्याला प्रयोगाचे हक्क लिहून दिलेले असतात. इथे १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ लेखकांनीही वाचावं असं आहे. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. दिलेले हक्क वर्षभर वापरलेच नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. "ते नाटक अमुक संस्थेचं आहे" ही ऐकीव माहिती खूपदा अशा कधीच संपलेल्या कराराची असते. म्हणून विचारायचं लेखकालाच.

काही नाटकांना परवानगी लागतच नाही. लेखकाचं निधन झालं त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. (आधी ही मुदत ५० वर्षं होती, १९९२ साली वाढली.) देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. यांची नाटकं आज कुणीही करावीत. मामा वरेरकर १९६४ साली गेले, त्यांची नाटकं १ जानेवारी २०२५ पासून खुली झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांना २०२९ सालच्या ३१ डिसेंबरपर्यंत परवानगी लागणार. जुनं नाटक आणि मुक्त नाटक यांत गल्लत नको.

खरी मेख भाषांतरात असते. शेक्सपियर सगळ्यांचा, त्याला विचारायला कुठेच जायचं नाही. पण मॅकबेथ मराठीत करायचा म्हणून शिरवाडकरांचं 'राजमुकुट' उचललं तर ती भाषा शिरवाडकरांची आहे. ते १९९९ साली गेले, म्हणजे त्या संहितेला २०५९ अखेरपर्यंत परवानगी लागते. ऑथेल्लोवरून बेतलेलं देवलांचं 'झुंझारराव' मात्र मोकळं आहे. परदेशी लेखक हयात असेल किंवा मुदत संपलेली नसेल तर परवानग्या दोन, मूळ लेखकाची आणि अनुवादकाची. संगीत नाटकांबाबत आणखी एक गोष्ट बघावी लागते. पाच अंकी नाटक अडीच तासांत बसवण्यासाठी अलीकडे कुणी रंगावृत्ती केली असेल आणि तुम्ही तीच घेत असाल, तर मूळ नाटक मुक्त असूनही रंगावृत्ती त्या माणसाची आहे. मूळ पुस्तक घेऊन आपणच कात्री चालवली तर प्रश्न मिटतो.

आता "आम्ही तर हौशी" या वाक्याकडे येऊ. यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. कलम ५२ नुसार हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग हा हक्कभंग ठरत नाही. गणेशोत्सवातल्या फुकट प्रयोगाला किंवा गोव्यातल्या देवळाच्या मदतीसाठी होणाऱ्या उत्सवी नाटकाला याचा आधार मिळू शकतो. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनालाही सवलत आहे, पण प्रेक्षकांत विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसंच असतील तर. तेच नाटक तिकीट लावलेल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नेलं की सवलत संपली. 'देणगी प्रवेशिका १०० रुपये' छापलं की प्रेक्षक फुकट राहत नाही. आणि फुकट प्रयोगाचं चित्रीकरण यूट्यूबवर चढवणं या सवलतीत बसत नाही, तो सर्वस्वी वेगळा हक्क आहे. शिवाय सवलत प्रयोगापुरती आहे. लेखकाचं नाव गाळायची किंवा शेवट बदलायची मुभा तिच्यातून मिळत नाही. सवलत लागू असली तरी एक पत्र टाकावं असं आमचं स्पष्ट मत आहे. आपलं नाटक कुठे होतंय हे लेखकाला पेपरातून का कळावं?

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी भारतीय सवलत तिथे धरून चालू नये. जिथे प्रयोग, तिथला कायदा. तिकडच्या कायद्यातही विनामोबदला कार्यक्रमांसाठी सूट आहे, पण ती नाट्येतर साहित्याला आणि संगीताला, नाटकाला नाही. कवितावाचन त्या सुटीत बसू शकेल, दोन अंकी नाटक बसणार नाही.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ हमखास होतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेत सेन्सॉर, मिळालं की काही संस्थांना वाटतं झालं काम. ते प्रमाणपत्र संहितेतल्या मजकुराबद्दल असतं. नाटक कुणाच्या मालकीचं आणि ते कुणी करावं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

परवानगीचं पत्र अर्ध्या पानात बसतं. त्यात काय असावं, ते एका नमुन्यातच सांगतो :

"आपलं अमुक हे दोन अंकी नाटक आमची संस्था अमुक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत अमुक तारखेला, अमुक नाट्यगृहात सादर करू इच्छिते. प्रयोग एक असून प्रेक्षकांसाठी तिकीट आहे. अंतिम फेरीत निवड झाल्यास आणखी एक प्रयोग होईल. स्पर्धेच्या वेळेत बसवण्यासाठी सोबतच्या प्रतीत खूण केलेले भाग वगळण्याची परवानगी हवी आहे. अन्य कोणताही बदल केला जाणार नाही. प्रयोगाचं चित्रीकरण केवळ संस्थेच्या नोंदीसाठी असेल, प्रसारित केलं जाणार नाही. प्रत्येक प्रयोगाचं मानधन किती आणि ते कसं पाठवायचं, कृपया कळवावं. जाहिरातीत आपलं नाव कसं छापावं, तेही सांगावं."

'मानधन घेता का' असं विचारू नये, 'किती' असं विचारावं. पहिल्या प्रश्नाला भिडेखातर नको म्हणणारे लेखक पुष्कळ. ठरलेला दर असा कुठे नाही. स्पर्धेच्या प्रयोगाला कमी, तिकिटाच्या प्रयोगाला जास्त असं बोलून ठरवावं आणि पैसे प्रयोगाच्या आधी पोचते करावेत. लेखकानं स्वतःहून माफ केलं तर त्याच्या पत्रात तसं असू द्यावं. फोनवरचा होकार पुरत नाही. परवाना लेखी हवा, पण २०१२च्या दुरुस्तीनंतर सहीची अट कायद्यात उरलेली नाही, त्यामुळे ईमेल चालतो. स्पर्धेचे आयोजक मात्र सही केलेलं पत्र मागू शकतात, तेव्हा त्यांचे नियम आधी पाहावेत. परवानगी एका प्रयोगाची असेल तर ती एकाच प्रयोगाची. पुढच्या वर्षी गावच्या जत्रेत तेच नाटक करताना जुनं पत्र पुढे करू नये.

बदलांचं थोडं सविस्तर. दीड तासाचं नाटक तासाभराचं करणं हे तांत्रिक काम वाटतं, पण कायद्याच्या भाषेत संक्षेप हे रूपांतर आहे, आणि रूपांतराचा हक्क लेखकाचा. संहितेच्या झेरॉक्सवर वगळायच्या ओळींना पेन्सिलनं कंस करा, पान क्रमांकांची यादी करा आणि ती प्रत लेखकाला पाठवा. "थोडंफार एडिट करतो" एवढ्यावर मिळालेला होकार पुढे भांडणाला कारण होतो, कारण दिग्दर्शकाच्या थोड्याफारात लेखकाचं एक पात्र गेलेलं असतं. सगळ्यात जास्त दुखतं ते शेवट बदलल्यावर. त्याखालोखाल पात्राचं स्त्रीचं पुरुष करणं, काळ बदलणं, बोली बदलणं. मालवणी पात्र तुमच्याकडच्या नटाला जमत नाही म्हणून प्रमाण मराठीत आणलं तर त्याचा विनोद तर जातोच, त्याची जातपात, गाव, वय सगळंच पुसलं जातं. आणि नटांच्या अ‍ॅडिशन्स! पहिल्या प्रयोगाला एका वाक्यावर हशा मिळतो, पाचव्या प्रयोगापर्यंत तिथे सहा वाक्यं झालेली असतात, आणि लोक ती लेखकाच्या नावावर जमा करतात. रंगमंच व्यवस्थापकानं प्रत्येक प्रयोगात संहिता हातात धरून बसावं आणि वाढलेली वाक्यं दिग्दर्शकाला दाखवावीत.

हक्क विकल्यानंतरही लेखकाकडे दोन गोष्टी राहतात. कृती आपली आहे असं सांगण्याचा अधिकार आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार. हे कलम ५७. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी' कादंबरीवरून 'समय की धारा' हा सिनेमा झाला तेव्हा कादंबरीचे हक्क त्यांनी रीतसर दिलेले होते. तरीही केलेल्या बदलांविरुद्ध त्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ साली न्यायालयानं या कलमाचं बळ मान्य केलं. पैसे दिले म्हणजे वाटेल ते करता येतं, हा समज तेव्हाच निकाली निघाला.

कथेवरून एकांकिका करायची तर कथालेखकाची परवानगी लागतेच. इथे 'प्रेरित' हा शब्द फार वापरला जातो, आणि बऱ्याचदा परवानगी टाळण्यासाठीच. नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा सिनेमा यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली तेच सांगितलं : प्रांतवाद या विषयावर दोघांनीही लिहावं, बघायचं ते मांडणीकडे. तेव्हा विषय तेवढा घेतला असेल तर 'प्रेरित' लिहायचीही गरज नाही. पण पात्रं, प्रसंगांचा क्रम आणि संवाद कथेतून आले असतील तर ते सरळ नाट्यरूपांतर आहे. मग श्रेयनामावलीत 'मूळ कथा' आणि 'नाट्यरूपांतर' अशा दोन ओळी हव्यात.

नावाचं म्हणाल तर छापील जाहिरातीत लेखक अजून टिकून आहे, मोबाइलवरच्या पोस्टरमधून मात्र तो गेला. चार नटांचे चेहरे, प्रायोजकाचा लोगो, तिकिटासाठी नंबर, आणि लेखकाला जागाच नाही. लेखकाचं नाव दिग्दर्शकाच्या नावाइतक्याच आकारात, त्याच्या आधी किंवा शेजारी घ्यावं. पोस्टर बनवणाऱ्याला ते संहितेच्या मुखपृष्ठावरून बघून टंकायला सांगावं, कारण आद्याक्षरं हमखास चुकतात. पडद्याआडच्या निवेदनात आणि यूट्यूबच्या वर्णनातही ते असावं. नाटकात कविता किंवा गाणं वापरलं असेल तर कवीची परवानगी वेगळी. सिनेमातला तयार ट्रॅक पार्श्वसंगीताला लावला तर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे.

हक्कदार सापडलाच नाही तर? कायद्यात त्यासाठी सक्तीच्या परवान्याची वाट आहे, पण वर्तमानपत्रात जाहिरात द्या, अर्ज करा, हे हौशी संस्थेला झेपणारं नाही. दुसरं नाटक घ्यावं.

प्रयोग झाल्यावर लेखकाला तारीख, स्थळ, निकाल आणि माहितीपत्रकाची एक प्रत पाठवावी. लेखनाचं पारितोषिक मिळालं तर ते लेखकाचं. धनादेश संस्थेच्या नावानं निघाला असेल तर तो वटताच रक्कम वळती करावी, आणि प्रमाणपत्र व चषक कुरिअरनं पाठवावेत. संस्थेच्या कपाटात लावायला चषकाचा फोटो पुरतो.