उलट्या घड्याळाची नोकरी
काल रात्री कॉल सेंटरात अमेरिकेतल्या ओहायोच्या एका आजोबांनी फोनवर बिलावरून मनसोक्त झापलं, आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "तुझा काय दोष म्हणा." इकडे स्क्रीनवर एएचटी लाल. कॉल सरासरी किती वेळात उरकायचा त्याचं हे माप, पण आजोबांना ते कोण सांगणार!

पगाराबद्दल तक्रार नाही हं. डिग्रीपेक्षा इंग्रजी बघितलं त्यांनी. दारात कॅब येते, रात्री शेवटी उतरणारी मुलगी असली की सोबत गार्ड, म्हणून आईही निर्धास्त. भीड तर पार चेपली.

तब्येतीचे मात्र हाल. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली की आमची शिफ्ट तासभर पुढे. खराडीच्या ऑफिसातून घरी येऊन डोळा लागतो न लागतो तोच खाली भंगारवाला, आणि शेजारच्या काकू, "अगं, अजून झोपलीयेस?" पुण्यात दुपारी १ ते ४ झोपणाऱ्याला मान आहे, सकाळी १० ला झोपणाऱ्याला नाही!

आज टीम लीडकडे डे शिफ्टचं बोलले. इंडियन प्रोसेस, म्हणजे इथल्याच ग्राहकांचे कॉल, मिळेल म्हणतोय, पण नाइट अलाउन्स जाणार. स्कूटीचे हप्ते चालू आहेत. बघू.