आयसीयूतलं ‘छान’ कोलेस्ट्रॉल

आमच्या रिपोर्टवर टोटल कोलेस्ट्रॉलच्या पुढे ‘२००पेक्षा कमी’ एवढंच छापलेलं असतं. खालची मर्यादा नाही. सोडियमला आहे, पोटॅशियमला आहे, साखरेला आहे. तिथे आकडा घसरला की सॉफ्टवेअर आपणहून ‘एल’ टाकतं आणि आम्ही वॉर्डात फोन लावतो. कोलेस्ट्रॉल ७८ आलं तरी कागद गप्प. २०८ आलं की मात्र ठळक ‘एच’. ओपीडीच्या पेशंटला हे चालून जातं. पण आयसीयूतल्या सॅम्पललाही तोच फॉरमॅट, आणि घोळ तिथे होतो.

मी मिरजेत एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीला आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. जत, कवठे महांकाळ, तिकडून अथणी, कागवाड, सगळे इथेच येतात आणि रिपोर्टच्या खिडकीवर मराठी-कन्नड दोन्ही चालतं. कागद हातात पडला की लोक तिथेच उभ्याउभ्या ‘एच’ शोधतात. एकही नसला की चेहरा सुटतो.

मागे तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आयसीयूत होते. साठीचे. न्यूमोनिया होऊन सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडायला लागणं) झालेला, व्हेंटिलेटरवर, बीपी टिकवायला नॉरॲड्रिनलिन चालू. त्यांच्या मुलाने दोन कागद शेजारी शेजारी धरले. एक उन्हाळ्यातल्या चेकअपचा, कोलेस्ट्रॉल २३८. दुसरा त्या दिवशीचा, ८४.

“मॅडम, पप्पांचं कोलेस्ट्रॉल लई छान आलंय की. एवढं तरी चांगलं झालं बघा.”

रिपोर्टचा अर्थ सांगणं आमचं काम नाही, आणि नियम म्हणून ते बरोबरच आहे. संध्याकाळी डॉक्टर सर भेटतील तेव्हा विचारा, म्हटलं. पण त्याला जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांतून सारखा येतो.

असा आकडा मशीनवर आला की टेक्निशियनच्या मनात पहिली शंका येते ती सॅम्पलची. सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं का? तसं झालं तर सगळंच पातळ होतं. मग बाकीचे आकडे पाहायचे. साखर अचानक चारशे, नाहीतर सोडियम-क्लोराइड वर आणि पोटॅशियम, कॅल्शियम, प्रोटीन सगळं खाली, असं दिसलं की सिस्टरना फोन करून दुसऱ्या हाताचं सॅम्पल मागवायचं. या पेशंटचं पोटॅशियम ठीक होतं, साखर ठीक होती. खाली होते ते अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) आणि कोलेस्ट्रॉल. दुसरं सॅम्पल लावलं, तेही तसंच. आमच्या पद्धतीत कोलेस्ट्रॉलवर एन्झाइमची क्रिया होऊन गुलाबी रंग येतो आणि मशीन तो रंग मोजतं. जितका गडद तितकं कोलेस्ट्रॉल जास्त. आयसीयूतल्या कितीतरी पेशंटांचा रंग जेमतेम गुलाबी असतो.

म्हणजे आकडा खरा होता. छान मात्र नव्हता.

सेप्सिस, मोठा अपघात, भाजणं, मोठं ऑपरेशन, अशा कुठल्याही मोठ्या आघातानंतर एलडीएल आणि एचडीएल (रक्तातून कोलेस्ट्रॉल वाहून नेणारे कण) दोन्ही झपाट्याने घसरतात. दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येऊ शकतात. कारण एकच नाही. संसर्गाशी झुंजताना शरीरात जी रसायनं सुटतात (आयएल-६, टीएनएफ वगैरे) ती लिव्हरचं कामच बदलून टाकतात. लिव्हर सीआरपीसारखी प्रथिनं भराभर बनवायला लागतं, आणि अल्ब्युमिन व कोलेस्ट्रॉल वाहून नेणारी प्रथिनं मागे पडतात. केशवाहिन्या गळू लागतात. बीपीसाठी लिटरच्या लिटर सलाईन गेलेलं असतं. शिवाय हे कण खर्चही होतात. काही जंतूंच्या आवरणातून एंडोटॉक्सिन सुटतं, त्याला एचडीएल-एलडीएलचे कण धरून ठेवतात आणि लिव्हरकडे नेतात. ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ कोलेस्ट्रॉल अशी जी विभागणी आपण हृदयविकाराच्या संदर्भात पाठ केली आहे, ती इथे फारशी उपयोगाची नाही. इथे दोघंही कामाला जुंपलेले असतात.

आणखी एक. किडनीच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात ते कोलेस्ट्रॉलपासूनच, आणि त्यातलं बरंचसं रक्तातल्या या कणांमधून उचलतात. शॉकमधल्या, म्हणजे बीपी कोसळलेल्या, शरीराला कॉर्टिसोलची गरज सगळ्यांत जास्त, आणि नेमका तेव्हाच कच्चा माल आटलेला. एचडीएल फार खाली गेलेल्या सेप्टिक शॉकच्या पेशंटांत ॲड्रिनल कमी पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. सर शॉकमध्ये हायड्रोकॉर्टिसोन देतात ते मात्र बीपी आणि नॉरॲड्रिनलिनचा डोस पाहून. कोलेस्ट्रॉलचा कागद पाहून कुणी देत नाही.

ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) मात्र बहुतेकदा उलटं वर जातं. त्यात व्हेंटिलेटरवर झोप लागावी म्हणून प्रोपोफॉल चालू असेल तर बघायलाच नको. ते पांढरं औषध म्हणजे १० टक्के तेलाचं इमल्शन, सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन. दर मिलीला साधारण १.१ कॅलरी. आहारतज्ज्ञ मॅडम राईल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात घातलेल्या नळीच्या) फीडचा हिशेब करताना ते धरतात. आमच्याकडे सेंट्रिफ्यूजमधून कधीकधी सिरम ताकासारखं पांढरं निघतं. खरं सांगायचं तर आयसीयूतून लिपिडची मागणी येते ती बऱ्याचदा या ट्रायग्लिसराइडसाठीच. कोलेस्ट्रॉल पॅकेजमध्ये असतं म्हणून सोबत येतं.

त्यातून एलडीएलची मजा होते. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, १९७२च्या फ्रीडवाल्ड सूत्राने काढतात: टोटलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. आता टोटल ९०, एचडीएल १५, ट्रायग्लिसराइड ३५० घ्या. एलडीएल येतं ५! ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की सूत्र वापरायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण ४००च्या आतही, एलडीएल इतकं खाली असताना, त्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. कागदावर तोही बिनतक्रार, ‘१००पेक्षा कमी’च्या आत बसतो.

आयसीयूत कोलेस्ट्रॉल जितकं खाली, तितके मृत्यू जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यावरून व्हॉट्सॲपवर जे फिरतं (‘बघा, कोलेस्ट्रॉल हवंच, गोळ्या बंद करा’) ते वाचून मला खरंच राग येतो. आजार गंभीर म्हणून आकडा पडतो. गोळीने किंवा जन्मजात कमी असणं ही निराळी गोष्ट. पीसीएसके९ जनुकातल्या बदलामुळे ज्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं, त्यांना हार्ट अटॅक कमी येतात, हे २००६ पासून माहीत आहे. पडलेला आकडा बाहेरून सावरून पेशंट वाचतो असंही दिसलेलं नाही. सेप्सिसमध्ये शिरेतून फॉस्फोलिपिडचं इमल्शन देऊन पाहिलं, मृत्यू कमी झाले नाहीत. दुसऱ्या बाजूने, स्टॅटिनने (कोलेस्ट्रॉल उतरवायच्या नेहमीच्या गोळ्यांनी) सूज कमी होईल या आशेने फुप्फुस निकामी झालेल्या पेशंटांवर रोसुव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनच्या मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्हींचे निकाल २०१४ साली आले. फायदा नाही.

हार्ट अटॅकच्या पेशंटचं लिपिडचं सॅम्पल पहिल्या २४ तासांत घ्यायचं ते याच घसरणीमुळे. चौथ्या दिवशी घेतलं तर त्याचं नेहमीचं कोलेस्ट्रॉल किती होतं ते कळत नाही.

बागायतदार काका वाचले. ट्यूब निघाली, वॉर्डात आले, मग मुलगा डिस्चार्जच्या दिवशी परत खिडकीवर. शेवटच्या रिपोर्टला टोटल १२६ होतं, म्हणजे चढायला लागलेलं. तो म्हणाला, “आता कोलेस्ट्रॉलची गोळी लागायची नाही म्हणा की.” डिस्चार्ज कार्डावर ती गोळी नव्हतीच. कुणी विचार करून बंद केली होती की आयसीयूच्या गडबडीत लिहायची राहिली होती, ते कार्डावरून कळत नव्हतं. हे काही फक्त आपल्याकडचं नाही. कॅनडात ऑन्टारिओमध्ये लाखो पेशंटांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०११ साली प्रसिद्ध झालं ते. जुनी, कायमची औषधं ॲडमिशननंतर नकळत सुटतात, आणि आयसीयूतून गेलेल्यांत जास्त सुटतात, असं निघालं. त्या औषधांत स्टॅटिनही होती.

या वेळी मी नियमाच्या थोडी पलीकडे गेले. त्याला म्हटलं, वर जाऊन सरांना उन्हाळ्यातला २३८चा कागद दाखव, जुन्या गोळीची पट्टी दाखव, आणि ती चालू ठेवायची की नाही ते कार्डावर त्यांच्याच हातून लिहून घे. पुढचं लिपिड दोन-तीन महिन्यांनी, पप्पा नीट जेवायला-फिरायला लागल्यावर. तासगावात लावलं तरी चालेल. लिफ्ट बंद होती, तो जिन्याने वर गेला.