स्टिंक बग, ज्वारी आणि अंगणातली ४ झाडं: यंदाच्या सीझनचा हिशोब

यंदा मधे मधे काही लिहिणं जमलं नाही म्हणून आता सगळं एकदमच लिहून काढतोय, झाडं कापून झालीयेत, बरण्या भरल्यात आणि स्टिंक बगचं (झाडाचा रस शोषणारा, ढालीच्या आकाराचा, घाण वास सोडणारा किडा, आपल्याकडच्या ढेकण्यासारखाच) सगळं अजून डोक्यात ताजं आहे.

सेटअप थोडक्यात. हॅमिल्टन, ऑन्टारियो. मागच्या अंगणात गांजाची ४ झाडं, कारण इथे घरटी ४ च चालतात (ऑक्टोबर २०१८ पासून, क्युबेकमध्ये तर घरी एकही लावता येत नाही). ४० लिटरच्या कापडी कुंड्या, तीन झाडं नॉर्दर्न लाइट्स या जातीची, चौथं वेगळ्या जातीचं. एप्रिलमध्ये खिडकीत रोपं केली, मे संपता संपता बाहेर काढली. भारतात असाल तर हे करू नका, तिथे एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली लागवड हा सरळ गुन्हा आहे, पण ढेकण्यांबद्दल जे लिहितोय ते टोमॅटो, मिरची, घेवडा सगळ्याला लागू पडतं.

आणि हॅमिल्टन म्हणजे या किड्याचं कॅनडातलं पहिलं घर म्हणा ना. आपला तपकिरी स्टिंक बग मूळचा चीन-जपान-कोरियाकडचा, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला १९९० च्या दशकाच्या शेवटी आला आणि कॅनडात त्याची वस्ती पहिल्यांदा सापडली ती २०१० मध्ये आमच्या गावात. हिवाळाभर घरांच्या भिंतीत, माळ्यावर झोपून राहतो आणि ऊन पडलं की खिडकीच्या काचेवर येऊन बसतो, इथे राहणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत आहे.

जून

दुसऱ्या आठवड्यात पहिली अंडी दिसली. पानाच्या खालच्या बाजूला, फिक्कट हिरवट, छोट्या पिंपांसारखी, एकाला एक चिकटून. मोजली, २८. हा आकडा लक्षात ठेवा, या किड्याच्या पुंजक्यात बहुतेक वेळा साधारण २८ च असतात. मी ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी चहाचा कप हातात धरून पानं उलटी करून बघायची सवय लावून घेतली. ५-६ दिवसांत अंडी फुटतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघून भागत नाही.

एक पुंजका सुटलाच. पिल्लं बाहेर आली तेव्हा दिसला, काळी-नारिंगी, टाचणीच्या डोक्याएवढी, आणि सगळी रिकाम्या टरफलांभोवती गोल करून बसलेली. पहिल्या अवस्थेत ती तिथून हलत नाहीत, अंड्यांवर आईने सोडलेले जिवाणू चोखून पोटात घेतात. एकदा कात टाकली की पांगतात, म्हणजे एका पानात सगळी सापडायची संधी तेवढे काहीच दिवस.

याच महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची अजून चुटपुट आहे. एक किडा दिसला, ढालीसारखाच, तपकिरी, तसाच दिसतो म्हणून मी त्याला चिरडला आणि मग नीट बघितलं तर खांदे टोकदार, काट्यासारखे. तो सोल्जर बग होता, मांसाहारी, दुसऱ्या किड्यांच्या अळ्या आणि पिल्लं खाणारा, म्हणजे आपल्याच बाजूचा. आता हात लावण्याआधी दोन गोष्टी बघतो: खांदे गुळगुळीत आणि मिशांवर पांढरे पट्टे असले तर तो आपला शत्रू, खांद्याला काटा असला तर जागचा हलवायचा नाही. सोल्जर बगच्या अंड्यांना झाकणाभोवती लांब काटे असतात, पापण्यांसारखे दिसतात, ती पण राहू द्या. आणि अंडी काळी पडलेली दिसली तरी राहू द्या. माझ्याकडे असा एक काळा पुंजका होता, पानासकट बरणीत ठेवला, वर फडकं बांधलं, आठ-दहा दिवसांनी आतून मुंगीपेक्षाही लहान गांधीलमाश्या निघाल्या, अंड्याच्या आत वाढणाऱ्या. बरणी परत झाडाखाली नेऊन उघडली.

जुलै

व्हेज, म्हणजे फुलाआधीची पानं-फांद्यांची वाढ, जोरात. एका झाडावर मच्छरदाणी टाकून बघितली, गावाहून आणलेली जुनी होती, चार बांबूंवर शिवून पिंजरा केला. कल्पना चांगली आहे पण टाकण्याआधी झाड तपासायला हवं होतं, आत एक मादी राहिली होती आणि तिने आतच अंडी घातली. शिवाय आतली हवा कोंडते, फ्लॉवरिंगला ही जाळी ठेवली असती तर बुरशीने बड (फुलांचे दाट गड्डे) सडली असती म्हणून ऑगस्टच्या आधीच काढून टाकली. व्हेजपुरती जाळी चालेल, पुढे नको.

नीम तेलाबद्दल सगळे आपले लोक विचारतात. कडुनिंबावर माझाही जीव आहे, पण मोठ्या बगला त्याचं विशेष काही होत नाही, आणि जी वस्तू शेवटी धूर करून छातीत घ्यायची तिच्यावर तेलाचा थर मला नकोच. पिल्लांवर फक्त इन्सेक्टिसायडल सोप (किडे मारायचा साबण) वापरला, दोनदा, तोही जुलैत, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, लेबल वाचून. अंगावर पडला तरच मरतात, सुकल्यावर उपयोग शून्य. फूल दिसायला लागल्यावर काहीही फवारायचं नाही हा माझा नियम आहे आणि यावर मी कोणाचंही ऐकत नाही.

फेरोमोन ट्रॅप (किड्यांना गंधाने ओढणारा सापळा) पण घेऊ नका, निदान झाडांजवळ तरी नको. आजूबाजूच्या चार अंगणांतले बग तुमच्याकडे येतात आणि त्यातले बरेच ट्रॅपमध्ये न जाता शेजारच्या झाडावर बसतात.

ऑगस्ट, आणि आईचं वाक्य

आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, मी टोमॅटो दाखवत होतो आणि एक बग टोमॅटोवर बसलेला तिला दिसला. म्हणाली, "अरे हे तर ढेकणे! आपल्याकडे लोंबीत दूध भरलं की येतात, त्याच्या आधी ढुंकून बघत नाहीत." आमचं भात संगमेश्वराकडे. भातावरचा ढेकण्या वेगळ्या कुळातला, लांबट, पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. लोंबीत दूध भरलं की. म्हणजे त्याला दाणा हवाय, कोवळा, दुधाळ दाणा, पानं म्हणजे त्याची वाटेतली न्याहारी.

मग मी झाडांकडे त्या नजरेने बघायला लागलो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत चारही झाडं फुलावर आली होती. तीन नॉर्दर्न लाइट्सवर सकाळी एखाद-दुसरा बग. चौथ्यावर रोज आठ-दहा! जवळून बघितलं तर चौथ्या झाडावर खालच्या फांद्यांना नर फुलं आली होती, तेच झाड हर्मी (नर आणि मादी दोन्ही फुलं धरणारं) निघालं आणि त्याच्यात बी धरायला लागलं होतं. बग बरोबर त्याच फुलांवर सोंड खुपसून बसलेले. बाकी झाडांना पराग लागू नये म्हणून त्याच दिवशी ते झाड मुळासकट काढलं. वाईट वाटलं, चार महिने वाढवलेलं झाड होतं. पण त्यानंतर बाकी तिघांवरची संख्या वाढली नाही, बग टोमॅटो आणि सूर्यफुलावर गेले.

बिनबियांच्या फुलांवर यांनी केलेलं नुकसान, सगळं धरून: वरच्या पानांवर फिक्कट ठिपके, एका कोवळ्या फांदीचा शेंडा मान टाकलेला, आणि थोडी विष्ठा, तपकिरी थेंबांसारखी. बस्स. फुलांवर किडा बघून पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे, माझ्याही आला होता, पण बड पोखरणारी अळी याच्यापेक्षा कितीतरी जास्त वाट लावते, कारण तिच्या विष्ठेने आत बुरशी धरते. अळ्यांना शोधा, बगना वेचा.

वेचायची पद्धत: सकाळी लवकर, गारवा असताना, तेव्हा ते सुस्त असतात. रुंद तोंडाची बरणी, अर्धी पाण्याने भरलेली, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. बरणी किड्याच्या बरोबर खाली धरायची आणि वरून बोट न्यायचं, घाबरला की तो अंग सोडून खाली पडतो, थेट पाण्यात. साबणामुळे तरंगत नाही, बुडतो. झाडावर चिरडू नका. वास म्हणजे कोथिंबीर कुटून दोन दिवस पिशवीत कोंडून ठेवल्यासारखा, आणि ते काही उगाच वाटत नाही, त्याच्या वासातलं एक अल्डीहाइड खरंच कोथिंबिरीतही असतं. चिकट बडवर तो वास मला नको होता.

ज्वारीचा प्रयोग

हा माझा सगळ्यात आवडता भाग. अमेरिकेत ढोबळी मिरचीभोवती सूर्यफूल आणि ज्वारी लावून या बगला तिकडे ओढायचे प्रयोग झालेत असं वाचलं आणि ज्वारी म्हटल्यावर मला राहवेना. देशी दुकानातून आणलेली, भाकरीसाठीची ज्वारी मे अखेरीस कुंपणाच्या कडेने पेरली, उगवली पण झक्कास. आणि मग नुसती वाढत गेली. माझ्या डोक्याच्या वर गेली, कणसाचा पत्ता नाही. इथे जूनमध्ये दिवस १५ तासांचा असतो आणि रब्बीची ज्वारी दिवस लहान व्हायची वाट बघते, अगदी आपल्या या झाडांसारखीच, त्यांनाही ऑगस्ट लागतो ना फुलायला. सप्टेंबर सरत आला तेव्हा कुठे दोन-चार कणसं डोकावली. दाणा नाही तर बग नाही, आईचंच वाक्य परत. पुढच्या वर्षी लवकर येणारी, इथल्या बियाण्यांच्या दुकानातली ज्वारी लावणार.

सूर्यफुलाने मात्र काम केलं. बी भरायला लागल्यापासून एकेका फुलामागे पाच-सहा बग, मागच्या हिरव्या बाजूला दडलेले. सकाळी आधी तिथली बरणी भरायची, मग झाडांकडे यायचं. झाडांपासून १५-२० फुटांवर होती.

कापणी

२८ सप्टेंबरला पहिलं झाड, ४ ऑक्टोबरला बाकी दोन. या दिवसांत बग हिवाळ्यासाठी अडगळीची जागा शोधत असतात आणि कापलेली दाट फांदी त्यांना एकदम पसंत पडते, म्हणून अंगणातच पांढरी चादर अंथरली, एकेक फांदी उलटी धरून हलक्या हाताने झटकली. तीन झाडांतून ११ बग पडले, दोन कोळी, एक अळी. अळीवाली फांदी वेगळी ठेवून पूर्ण फोडून बघितली, एक बड फेकावी लागली. मग गॅरेजमध्ये टांगली, खिडकीच्या फटींना आधीच टेप मारून ठेवली होती, तरी रोज रात्री टॉर्च घेऊन एक चक्कर. पाचव्या दिवशी एक बग दोरीवर चालताना सापडला, बडपासून वीतभर लांब.

११ दिवस सुकवून बरण्यांत गेलीयेत, आत हायग्रोमीटर ६१ टक्के आर्द्रता दाखवतोय. झाकण उघडलं की पाइन आणि ओल्या मातीचा वास येतो, कोथिंबिरीचा अजिबात नाही. सूर्यफुलाच्या बिया कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्यात, पुढच्या मेमध्ये दुप्पट लावायच्या आहेत.