पाचनई पहिल्या पानावर, हरिश्चंद्रगड अजून लटकलेलाच

मंडळी, 'पाचनई मार्ग' (हरिश्चंद्रगडाची एक वाट) शोधलं की आपल्या भटकंतीच्या साइटचं पान गुगलच्या पहिल्या पानावर येतंय! अगदी तळाला आहे, पण आहे. इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी खिडकीत) पाहिलं, विश्वास बसेना म्हणून शेजाऱ्यांच्या मोबाइलवरही पाहिलं.

नुसत्या 'हरिश्चंद्रगड ट्रेक'चं दुखणं मात्र तसंच. आपलीच दोन पानं एकमेकांच्या पायात पाय घालतायत: एक जुनं भटकंतीवर्णन, दुसरं वाटा-पाणी-मुक्कामाची माहिती. सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) ही क्वेरी, म्हणजे शोधलेले शब्द, फिल्टर करून 'पेजेस' टॅब उघडला की दोन्ही यूआरएल हजर. कधी हे वर, कधी ते. सरासरी पोझिशनचा आलेख मात्र साळसूदासारखा सपाट, त्यामुळे नुसता तो बघणाऱ्याला भांडणाचा पत्ताच लागणार नाही.

३०१ (एका पत्त्यावरून दुसऱ्याकडे कायमचं वळवणं) लावून वर्णन माहितीत विलीन करायचं ठरत आलं होतं. पण 'केदारेश्वर गुहा' आणि 'कोकणकडा मुक्काम' शोधणारे त्या वर्णनावरच उतरतात, त्यांना एसटीचं वेळापत्रक नकोय. कॅनॉनिकलही (सारख्या पानांतलं मुख्य कुठलं, ही गुगलला दिलेली सूचना) इथे बसत नाही. मजकूर इतका वेगळा असला की गुगल ती सूचना सरळ बाजूला ठेवू शकतं. मग टायटलंच फोडली. वर्णन झालं 'कोकणकड्यावरची रात्र', आणि माहितीचं पान 'हरिश्चंद्रगडला कसे जायचे: पाचनई, खिरेश्वर, नळीची वाट'. आतल्या लिंकांवरचं 'इथे वाचा' काढून तिथे त्या-त्या वाटेचं नाव घातलं. पाचनईच्या पानाच्या मजकुराला हातही लावला नव्हता, तेव्हा श्रेय या लिंकांचंच असावं असा माझा दाट संशय आहे.

सशुल्क कीवर्ड टूलचं वर्गणी बंद केली. रोज वाचक आणणाऱ्या मराठी शब्दांपुढे ते खुशाल शून्य शोध दाखवतं. गुगलचं फुकटचं ऑटोकम्प्लीट त्यापेक्षा शहाणं. आणि मेटा कीवर्डबद्दल (पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली शब्दांची यादी) अजूनही विचारणाऱ्यांसाठी: रँकिंगसाठी ते वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. सोडा तो नाद.

पुढचा बेत माहितीचं पान आणखी लांबवायचा होता. पण हे लिहिता लिहिता क्वेरींची यादी पुन्हा चाळली, तर 'पुण्याहून', 'मुंबईहून', 'सोपी वाट' हेच शब्द फिरून फिरून येतायत. मग एकाच शब्दासाठी डोकं कशाला आपटायचं? खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, पाचनई अकोले तालुक्यात, नळीची वाट मुरबाडच्या बेलपाड्यातून. तीन वाटा, तीन पानं. रोमनमध्ये शोधणारे 'गड'चा 'गढ' करतात, तेही रूप मजकुरात एकदा सहज येऊ देईन, टायटलात नाही.

नळीच्या वाटेच्या टायटलात 'अवघड' हा शब्द हवाच, क्लिक कमी झाले तरी चालतील. 'सोपी वाट' शोधत कुणी तिथे पोचलाच, तर पहिल्या परिच्छेदातच पाचनईची लिंक. खिरेश्वरच्या पानासाठी टोलार खिंडीचे फोटो कुणाकडे असतील तर द्या, माझ्याकडच्यांत नुसतं धुकं आहे.